जीओजीवरचा हिरोज ३ आणि पंधरा वर्षं हरवलेला आमचा सेव्ह

आधीच सांगते, जुना गेम नवीन विंडोजवर टाकताना "परवानगी नाही" वाल्या मेसेजने कोणी वैतागलं असेल तर सरळ जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर तो गेम मिळतो का बघा आणि मिळत असेल तर घ्या. याचं कारण लोक सांगतात ते नाही. लोक म्हणतात डीआरएम म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप नाही, सेलमध्ये स्वस्त पडतं, तीस दिवसांत पैसे परत मिळतात, ते सगळं खरंच आहे. पण मला सगळ्यात जास्त पटली ती त्यांचा इन्स्टॉलर गेम ज्या जागी टाकतो ती जागा. सी ड्राइव्हवर थेट "जीओजी गेम्स" नावाचं फोल्डर करतो आणि त्यात गेम टाकतो, प्रोग्राम फाइल्स या विंडोजच्या नेहमीच्या फोल्डरच्या नादाला लागतच नाही. एवढीशी गोष्ट वाटते, पण आमच्या घरात याच गोष्टीवरून तीन दिवस अबोला झालेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीओजी म्हणजे आधीचं गुड ओल्ड गेम्स, पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेलं, जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून विकायचे हाच मूळ धंदा. मी घेतला तो हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, कम्प्लीट एडिशन. मूळ गेम १९९९ चा, न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने बनवलेला आणि थ्रीडीओने काढलेला, कम्प्लीटमध्ये त्याचे दोन्ही विस्तार, म्हणजे नंतर काढलेले जादाचे भाग, एकत्र येतात. २०१५ ला युबीसॉफ्टने एचडी एडिशन पण काढली होती पण तिच्यात ते विस्तार नाहीत त्यामुळे ती बघायचीच नाही, घ्यायचा तर कम्प्लीटच.

आता मूळ दुखणं काय ते सांगते, कारण ते कळलं की निम्मी कटकट तिथेच संपते. विंडोज एक्सपीच्या काळात घरातला प्रत्येक जण ॲडमिनच असायचा, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, गेम वाटेल तिथे वाटेल ते लिहायचा आणि कोणी विचारायचं नाही. त्यामुळे गेम बनवणारे पण सेव्ह, सेटिंग, स्कोअर सगळं गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. हिरोजचं तसंच आहे, गेमच्या फोल्डरमध्ये "गेम्स" नावाचं एक फोल्डर असतं आणि सेव्ह तिथे पडतात. मग त्यानंतरचं विंडोज व्हिस्टा आलं आणि यूएसी आलं, म्हणजे ती "तुम्ही या प्रोग्रामला बदल करू देता का" विचारणारी खिडकी, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या प्रोग्रामला लिहायची बंदी झाली. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी बरोबर निर्णय होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मग हजारो जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते म्हणून विंडोजने मागच्या दाराने एक सोय केली. गेमने प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला की विंडोज त्याला गुपचूप सांगतं हो लिहिलं, आणि खरी फाइल टाकतं भलतीकडेच, तुमच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. गेमला वाटतं फाइल आपल्याच घरात आहे. तुम्हालाही तसंच वाटतं. आणि ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं त्यामुळे सहज कधी नजरेला पण पडत नाही.

आमच्याकडे २००८ ला सांगलीत पहिला स्वतःचा डेस्कटॉप आला तो व्हिस्टावाला. दादा अकरावीत, मी आठवीत. हिरोजची सीडी दादाच्या मित्राची. एकाच कॉम्प्युटरवर दोघांनी आळीपाळीने खेळायचं, हॉटसीट म्हणतात त्याला, एकाची चाल झाली की स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव येतं आणि पहिल्याने खुर्ची सोडून बाहेर जायचं कारण नकाशा बघितला तर चीटिंग. दादा नेहमी नेक्रोपोलिस हा भुताखेतांचा पक्ष घ्यायचा, लढाई झाली की मेलेल्यांचे सांगाडे उठवून फौजेत घालायचा, काही आठवड्यांत त्याच्याकडे सांगाड्यांचा असा ढीग व्हायचा की माझ्या एल्फ तिरंदाजांना बाण मारून मारून कंटाळा यावा. मी रॅम्पार्ट, म्हणजे एल्फवाला पक्ष. २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत एक मोठा नकाशा लावला होता, तो सुट्टी संपली तरी चाललाच होता, रोज रात्री जेवणं झाली की दोन दोन चाली.

मग मध्येच कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीला दिला, आणि तिथल्या माणसाने बाकी कामासोबत आपल्या मनाने गेमच्या आयकॉनवर "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" टिक करून दिलं. जुने गेम असेच चालतात म्हणे. घरी आणून गेम लावला तर सेव्हची यादी कोरी. एक पण नाही. दादाची फौज माझ्या राजधानीपासून दोन दिवसांवर होती त्यामुळे त्याची खात्रीच पटली की मी हरायच्या भीतीने सेव्ह डिलीट केला. मी देवाशप्पथ सांगितलं, आईने मध्यस्थी केली, उपयोग नाही. तीन दिवस बोलला नाही माझ्याशी आणि तो नकाशा परत कधी लावला पण नाही.

झालं काय होतं ते मला खूप वर्षांनी कळलं. ती मागच्या दाराची सोय फक्त साध्या परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रामला असते. ॲडमिन म्हणून चालवलं की गेमला खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा हक्क मिळतो, मग विंडोज त्याला व्हर्च्युअलस्टोअर दाखवतच नाही. खरं फोल्डर आधीपासून रिकामंच होतं कारण आमचे सगळे सेव्ह पहिल्या दिवसापासून दुसरीकडे पडत होते. म्हणजे ज्या टिकमार्कला सगळे रामबाण उपाय म्हणून सांगतात त्यानेच आमचे सेव्ह नजरेआड केले. आजही कोणी मदत मागितली की पहिलं उत्तर तेच येतं, ॲडमिन करून बघ. नुसतं तेवढं सांगू नका हो कोणी. करायचंच असेल तर आधी व्हर्च्युअलस्टोअर उघडून सेव्ह तिथे आहेत का बघायला सांगा आणि ते खऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायला सांगा, मग टिक लावा.

तो डेस्कटॉप भंगारात गेला पण हार्ड डिस्क बाबांनी कपाटात जपून ठेवलेली, फोटो आहेत म्हणून. मागच्या वर्षी मी यूएसबीची केस आणून ती लॅपटॉपला जोडली. युजर फोल्डर उघडायला गेले तर तिथे पण परत परवानगी आडवी, "या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला सध्या परवानगी नाही". घाबरू नका, ते जुन्या विंडोजच्या जुन्या युजरच्या नावावर असतं म्हणून येतं, कंटिन्यू दाबायचं आणि थांबायचं, फाइल्स जास्त असतील तर ती हिरवी पट्टी बराच वेळ सरकते, मध्ये बंद करू नका. मग लपवलेल्या फाइल्स दिसतील असं केलं, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, प्रोग्राम फाइल्स, थ्रीडीओ, हिरोज ३ कम्प्लीट, गेम्स. एकात एक सात फोल्डर उघडले. आत सेव्ह होते. सगळे. शेवटच्या फाइलची तारीख नोव्हेंबर २००९, नाव दादाने दिलेलं, "dada jinknar" असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्याच संध्याकाळी जीओजीवर हिरोज घेतला. इन्स्टॉल करताना एकदाच यूएसीची खिडकी येते, तिथे हो म्हणायचं, नंतर गेम रोज साध्या डबल क्लिकने चालतो, ॲडमिन वगैरे काही नाही. सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरमध्ये साध्या युजरला पण लिहायची मुभा असते म्हणून हे जमतं, यात जादू काही नाही. जुने सेव्ह उचलून नव्या "गेम्स" फोल्डरमध्ये टाकले. आधी यादीत दिसलेच नाहीत आणि धस्स झालं, मग लक्षात आलं की मी सिंगल प्लेयरच्या यादीत बघतेय, हॉटसीटचा सेव्ह लोड गेममधून मल्टिप्लेयरला जाऊन उघडावा लागतो. उघडला.

नावडलेलं पण सांगते. त्यांचं गॅलॅक्सी नावाचं ॲप घेतलंत तर ते आपणहून प्रोग्राम फाइल्सच्या आतलीच जागा सुचवतं, मग जागा बाहेर ठेवायचा फायदा कुठे राहिला? सेटिंगमध्ये जाऊन ती जागा बदला, किंवा माझ्यासारखं ॲप न घेता वेबसाइटवरून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा आणि त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा, ती कायमची तुमची. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या सायबर कॅफेत गाजलेलं सगळंच तिथे नाही, रोड रॅश आणि जुने नीड फॉर स्पीड मला सापडले नाहीत.

असे न मिळणारे गेम सीडीवरूनच टाकायचे असतील तर तुम्ही स्वतः तेच करा जे जीओजी करतं. इन्स्टॉलर जागा विचारतो तिथे नेक्स्ट नेक्स्ट न करता सी ड्राइव्हवर "गेम्स" असं साधं फोल्डर द्या. आधीच प्रोग्राम फाइल्समध्ये टाकला असेल आणि परत टाकायचा कंटाळा असेल तर फक्त त्या एका गेमच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, युजर्स निवडून मॉडिफायला टिक. पण त्या आधी व्हर्च्युअलस्टोअर बघाच. अख्ख्या प्रोग्राम फाइल्सला सगळं खुलं करू नका आणि यूएसी पूर्ण बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, एका गेमसाठी अख्ख्या घराची दारं काढून ठेवण्यातला प्रकार आहे तो. गेम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करत असेल आणि तरी अडत असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का बघा, तिथे त्या गेमला परवानगी देता येते. आणि काही सीड्या मात्र काही केल्या चालणार नाहीत, सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन असलेल्या, कारण त्याचा ड्रायव्हरच असुरक्षित निघाला, विंडोज १० मध्ये तो चालतच नाही आणि आधीच्या विंडोजवर पण २०१५ च्या अपडेटने बंद केला. तिथे परवानगी देऊन काही होत नाही, उगाच रात्री घालवू नका. तसंच सोळा बिटवाले गेम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या गेमना मात्र जीओजीवाले डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, सोबतच लावून देतात, तो पण एक त्रास वाचतो.

तर सेव्ह उघडला, स्क्रीनवर आलं की आता दादाची चाल. मी ओके दाबलं नाही. तसाच फोटो काढून त्याला पाठवला, तो आता असतो अमेरिकेत ऑस्टिनला, तिकडे पहाट होती. दहा मिनिटांत फोन. पाच मिनिटं नुसता सॉरी सॉरीच म्हणत होता, मग म्हणाला, "हात लावू नकोस त्याला, गणपतीत येतोय मी."