हजार रुपयांचा मल्टिमीटर, जुन्या गाडीचा सेल्फ आणि तो चौकोनी सेल

रिव्ह्यू मल्टिमीटरचा आहे, पण आधी गाडीचं सांगतो. होंडाची सीबी३५० म्हटलं की हल्ली सगळ्यांना शोरूममधली एक सिलिंडरची आठवते. आमची ती नव्हे. ही १९६८ ते १९७३ या काळातली, दोन सिलिंडरची, ३२५ सीसीची. मामा कुवेतहून कायमचे परत आले तेव्हा सोबत घेऊन आले होते. सेल्फ आणि किक दोन्ही आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं, पण नव्या नोंदणीची फी २०,००० आहे म्हटल्यावर मी तो विषय तूर्त बंद ठेवलाय.

मीटर घ्यायची वेळ आली ती सेल्फमुळे. बटण दाबलं की इंजिन आळसटून फिरायचं, पेटायचं नाही. किक मारली की लगेच सुरू. गॅरेजवाल्याने झाकण न उघडताच निदान केलं: ‘सेल्फची मोटर गेली, आर्मेचर भरून घ्यावं लागेल, साडेचार हजार धरून चला.’ साडेचार हजार ऐकले आणि घरी येऊन त्याच रात्री हजार रुपयांचा मीटर मागवला. साधाच, पिवळ्या रबरी कव्हरचा, या किमतीत सगळ्यांकडे दिसतो तोच. मोटर खरंच गेली असेल तर हजार वाया, नसेल तर साडेतीन वाचले, एवढाच हिशेब.

पहिल्याच आठवड्यात कळलं की या मीटरचा बझर जुन्या गाडीच्या कामाचा नाही. कुठल्याही मीटरचा नसतो, पण लोक त्याच्यावरच विसंबतात. वायरीच्या दोन टोकांना मीटरचे प्रोब (टोकदार वायरी) लावले, पीं वाजलं, म्हणजे वायर ठीक! बझर वीस-तीस ओहमलासुद्धा वाजतो. सेल्फ ओढतो ऐंशी-शंभर अँपियर. तिथे ०.०३ ओहमचा अडथळा असला तरी अडीच-तीन व्होल्ट वाटेतच गडप. आणि ओहमच्या रेंजवर बघावं तर प्रोबच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ भरतो, त्यात ०.०३ काय दिसणार? वायरीतले अर्धे धागे तुटलेले असले तरी बझर आनंदात वाजतो.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि सेल्फ दाबलेला असतानाच बघायचं. प्लगच्या कॅप काढून त्यात जुने प्लग बसवून इंजिनाला टेकवून ठेवा, म्हणजे गाडी मध्येच सुरू होणार नाही आणि कॉइलही वाचेल. माझे आकडे असे आले. बॅटरी नुसती १२.५, सेल्फ दाबल्यावर १०.६. म्हणजे बॅटरी बरी, ९.६ च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय. मग मोटरच्या टर्मिनलवर एक प्रोब आणि मोटरच्या अंगावर दुसरा: ७.९. बॅटरीतून १०.६ निघतात आणि मोटरला ७.९ मिळतात, मग मधले २.७ कुणी खाल्ले? बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत, सोलेनॉइड (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा स्विच) धरून, ०.४. चालण्यासारखं. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या अंगापर्यंत २.३. सापडला चोर!

अर्थची केबल जिथे चेसीला आवळली होती तिथला बोल्ट काढला. थिंबलच्या (केबलच्या टोकाची धातूची कडी) खाली चकचकीत काळं पावडर कोटिंग, जसंच्या तसं. गाडी रंगवून आणली तेव्हा रंगवाल्याने मन लावून सगळीकडे रंग दिला होता, अर्थच्या जागीही. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पांढरी केली, थिंबल घासलं, खाली दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. अर्थचा आकडा ०.१ वर आला, मोटरला ९.८ मिळायला लागले. आता सेल्फवर गाडी पेटते, कारण कॉइललाही पुरेसे व्होल्ट मिळतात. खर्च पॉलिश पेपरचा.

तेव्हा मी या मीटरला पाचपैकी साडेचार तारे दिले होते. अर्धा कापला तो डिस्प्लेसाठी: ऑटो रेंजवर (मीटर स्वतःच रेंज निवडतो तेव्हा) आकडा स्थिर व्हायला सेकंदभर लागतो आणि तेवढ्यात बटण सोडायची वेळ होते. रेंजचं बटण दाबून २० व्होल्टवर अडकवून ठेवा, फरक पडतो.

आता ते साडेचार नाहीत. कारण तो नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. हा मीटर आपोआप बंद होत नाही. चक्री ऑफवर न्यायची राहिली की सेल सकाळपर्यंत अर्धा. बदलायचा तर आधी रबरी कव्हर ओढून काढा, मग मागचा बारीक स्क्रू. आणि हा सेल पेन्सिल सेलसारखा घरात पडलेला नसतो, मुद्दाम विकत आणावा लागतो. हे सगळंही सहन केलं असतं. पण सेल उतरायला लागला की मीटर आकडा कमी नाही, जास्त दाखवतो! मोजणीचं मापच घसरतं, त्यामुळे समोरची गोष्ट मोठी दिसते. इशारा म्हणून कोपऱ्यात तिळाएवढं चिन्ह येतं, ते मला चष्मा लावूनही दिसत नाही.

पावसाळ्यात सेल्फ पुन्हा रुसला, या वेळी नुसतं कट-कट-कट. सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढतो; हे बहुतेक वेळा बॅटरीचंच लक्षण. बॅटरी वॉरंटीत होती म्हणून घेऊन गेलो. मोठ्या ऐटीत माझाच मीटर लावला, तर १३.४. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तुमचाच मीटर सांगतोय, बॅटरी फर्स्टक्लास.’ रात्रभर नुसत्या ठेवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला १३.४ असूच शकत नाहीत, पूर्ण भरलेलीलाही १२.६-१२.७ च असतात, हे मी त्याला सांगतोय आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलाय. शेजारच्या दुकानातून सेल आणून घातला. ११.८. मग त्याला लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून बघायचं यंत्र) लावायला लावला, काटा सरळ लाल पट्ट्यात. बॅटरी बदलून मिळाली, पण ‘आधीच नीट मीटर आणायचा ना’ हे ऐकून घ्यावं लागलं. त्या वाक्याचा राग माझा दुकानदारावर नाही, मीटरवर आहे.

घेणाऱ्यांसाठी. दहा अँपियरच्या भोकात प्रोब घालून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, फ्यूज उडेल, आणि काही स्वस्त मीटरमध्ये तिथे फ्यूजही नसतो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यायचा तर डीसी अँपियर लिहिलंय का बघा. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात, गाडीला शून्य उपयोग. मगरीच्या चिमट्याच्या वायरी वेगळ्या घ्या, नाहीतर प्रोब धरायला आणि सेल्फ दाबायला घरातलं कुणीतरी बोलवावं लागतं आणि ते एकदाच येतं. सेल्फ घुर्र करून रिकामाच फिरत असेल आणि इंजिन हलत नसेल तर मीटर पेटीत ठेवा. ते सेल्फच्या क्लचमधले रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंगा, साइड कव्हर उघडूनच कळणार.

मी आता तीन तारे देतो. हाच मीटर पेन्सिल सेलवर चालणारा आणि आपोआप बंद होणारा दोनशे रुपये जास्त देऊन मिळतो. तो घ्या.