ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश गेले काही महिने मी जवळजवळ रोज उघडते आहे. वाचताना शब्द अडला की आधी साध्या कोशात अर्थ बघायचा आणि मग इकडे यायचं, हा क्रम आता अंगवळणी पडलाय.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो मूळ धातूंच्या नोंदींनी. 'स्पेक', म्हणजे निरखणे, ही नोंद नक्की बघा. इन्स्पेक्ट, सस्पेक्ट, रिस्पेक्ट हे लॅटिनमधून आलेले शब्द एकाच घरातले असणार, हा अंदाज असतोच. पण त्याच घरात टेलिस्कोप, स्केप्टिक आणि चक्क बिशपही सापडतो, कारण ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे देखरेख करणारा. स्पायही त्यांचाच. आणि संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात, 'पश्यति'सुद्धा याच मुळातलं! मी त्या पानावर कितीतरी वेळ रेंगाळले. अशा धातूंच्या आधी तारा छापलेला असतो, त्याकडे मात्र लक्ष हवं. ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. एका कुळातल्या भाषा शेजारी ठेवून अभ्यासकांनी ते अनुमानाने बांधलंय. तसंच शब्दापुढचं साल म्हणजे त्याचा जन्म नव्हे, तर लिखाणातली आजवर सापडलेली सर्वात जुनी नोंद.

स्पेलिंगला झालेला फायदा मला अपेक्षित नव्हता. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये 'बी' कशाला? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा तो नव्हताच. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून नंतर घातला गेला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आलाय. शब्द जुन्या इंग्रजीतला, पण लॅटिन वंशाच्या 'आइल'शी सारखा वाटला म्हणून त्याचं अक्षर चिकटलं. कारण कळल्यावर ही दोन स्पेलिंगं मला पुन्हा घोकावी लागली नाहीत.

वैद्यक किंवा जीवशास्त्र शिकणाऱ्यांनी हा कोश हाताशी ठेवावाच. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'आर्थ्रो' म्हणजे सांधा, 'आयटिस' म्हणजे दाह, एवढं कळलं तरी लांबलचक नावं सुटी होतात.

पण मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे, आणि आधी साधा कोश बघण्याचा माझा आग्रह त्यासाठीच आहे. 'नाइस' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अज्ञानी. 'सिली' एके काळी सुखी, धन्य अशा अर्थाने वापरत. मुळावरून अर्थ लावायला गेलं तर दोन्हीकडे फसगत ठरलेली.

'पुट ऑफ', 'पुट अप विथ' अशा जोडक्रियापदांना तर व्युत्पत्तीचा फारसा उपयोग होत नाही. 'पुट'चा इतिहास पाठ असला तरी 'सहन करणे' हा अर्थ त्यातून निघणार नाही. तिथे भरपूर उदाहरणवाक्यं देणारा, शिकणाऱ्यांसाठीचा कोशच घ्यावा लागतो.