हेड न उघडताच हेड गॅस्केटचं बिल

पुण्यातल्या एका गॅरेजने स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतीवर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), हेड फेसिंग (हेडची तळबाजू घासून सपाट करणं) आणि मजुरी असं बिल लावलं. हेड उघडलंच नव्हतं. गळत होता वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर हा प्रकार नीट वाचा.

कूलंटच्या टाकीतली पातळी घटते, पण गाडीखाली थेंब नसतो. मग 'इंजिन पाणी खातंय' असं सांगून सकाळच्या गारव्यात सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर पुरावा म्हणून दाखवतात. थंड इंजिनची ती निव्वळ वाफ असते, इंजिन तापलं की थांबते. गॅस्केट गेलं असेल तर बहुधा गरम इंजिनवरही धूर टिकतो आणि त्याला गोडसर वास येतो.

थेंब न दिसण्याचं कारण वेगळंच. या गाडीच्या २.० टीएसआय इंजिनात (ईए८८८, तिसरी पिढी) पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) यांचं प्लास्टिकचं हाउसिंग इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली), गिअरबॉक्सच्या बाजूला बसतं. सील सुटलं किंवा हाउसिंगला चीर गेली की कूलंट गिअरबॉक्सवर ओघळतं, काही गरम भागांवर सुकतं, उरलेलं इंजिनखालच्या अंडरट्रेमध्ये साचतं. ट्रे काढला की सुकलेले गुलाबी-पांढरे डाग दिसतात.

हेडला हात लावू देण्याआधी दोन चाचण्या समोर उभं राहून करून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या तोंडावर प्रेशर टेस्टर लावून १ ते १.५ बार दाब द्यायचा. १५ मिनिटांत काटा उतरला तर टॉर्च किंवा एंडोस्कोपने मॅनिफोल्डखाली बघायचं. दुसरी चाचणी गॅस्केटची: टाकीतली पातळी थोडी उतरवून, इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा निळ्या द्रावातून खेचतात. जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्राव पिवळा पडतो. या गाडीत तो निळाच राहिला.

खोटं बिलावरूनच उघड झालं. हेड काढलं की हेड बोल्ट नवे घालावेच लागतात, ते ताणून बसवलेले असतात. इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदलावा लागतो. बिलात यातलं काही नव्हतं, लेथवाल्याची फेसिंगची पावती नव्हती, जुनं गॅस्केट मागितल्यावर 'भंगारात गेलं'. हेड काढायला जे टायमिंग कव्हर उघडावं लागतं, त्याच्या बोल्टवर जुनी धूळ तशीच होती. टाकीत मात्र तपकिरी कण तरंगत होते: लीक बंद करणारं बाटलीतलं औषध ओतून गाडी परत दिली होती. हीच सगळ्यात वाईट गोष्ट. ते कण गळती तात्पुरती रोखतात, पण हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्याही बुजवतात.

खरी दुरुस्ती म्हणजे पंप-थर्मोस्टॅटचा पूर्ण संच, त्याचा छोटा दात्यांचा पट्टा आणि नवी सीलं. बोल्ट टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. अंदाजाने आवळले की प्लास्टिक वाकतं आणि पुन्हा गळतं. मग स्कॅनरवर थर्मोस्टॅटच्या ॲक्च्युएटरची (तो फिरवणाऱ्या मोटरची) बेसिक सेटिंग. भरताना कंपनीने सांगितलेलंच कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, शक्यतो व्हॅक्यूम फिलरने, म्हणजे हवा अडकत नाही. नळाचं पाणी नको.

औषध ओतलेलं असेल तर नवा पंप बसवण्याआधी स्वच्छ पाणी येईपर्यंत सिस्टिम धुवावी लागते. त्यानंतरही हीटर कोमटच राहिला तर हीटर कोअर बदलण्याचं काम अंगावर येतं.