ऑपरेशननंतर '९० दिवसांत १० किलोमीटर' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, माझे ७५,०५१ रुपये गेले

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी ज्या रिहॅब स्टुडिओत (पुन्हा पूर्ववत करायचे व्यायाम घेतात तिथे) गेले, तिथला माणूस पैसे घेऊन पळाला. आकडा आधीच लिहिते, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. असेसमेंटचे २,५००, रजिस्ट्रेशनचे ४,९९९, वर्षाच्या पॅकेजचं लोन ५४,००० (४,५०० चे बारा हप्ते, 'नो कॉस्ट' म्हणून), त्यावर प्रोसेसिंग फी जीएसटी धरून १,०६२, पावडरीचे डबे ८,६४० आणि नी ब्रेस (गुडघ्याचा पट्टा) ३,८५०. एकूण ७५,०५१. यातले काही हप्ते अजून जायचेत पण ते जाणारच आहेत. नंतरच्या एमआरआयचे ७,५०० आणि एक हप्ता बाउन्स झाला त्याचे बँकेने कापलेले ५९० यात धरलेले नाहीत.

जिमवाले वर्षाची फी घेऊन शटर ओढतात हे मला माहीत होतं. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, पेपर वाचते, लिंकवर क्लिक करू नका हे सासऱ्यांना मीच सांगते. त्यामुळे 'एवढं कसं कळलं नाही' असं जे म्हणतात ना त्यांनी आधी तीन महिने कुबड्या आणि ब्रेस लावून घरात बसून बघावं. पावसाळ्यात अंजनेरी उतरताना पाय सटकला, एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध) पूर्ण तुटला आणि मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला, जुलैत ऑपरेशन झालं, तुटलेल्या बंधाच्या जागी ग्राफ्ट (शरीरातूनच दुसरीकडून घेतलेला तुकडा) बसवला, मेनिस्कसला टाके घातले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांच्या आत संपवली होती, ३०० ची तयारी चालू होती, गंगापूर रोडने सोमेश्वर आणि पुढे धरणापर्यंत हे माझं रोजचं होतं. आणि हे नाशिक आहे. २०१५ ला महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून इथे सायकलचं जे वेड आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, धावपटू कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली, पहाटे कुठल्याही जॉगिंग ट्रॅकवर जा, पन्नाशीच्या बायका घड्याळ बघून पळताना दिसतात. अशा गावात घरी बसलं की ग्रुपवरचे त्र्यंबक रोडचे फोटो बघवत नाहीत. स्टुडिओवाल्या या माणसाने नेमकं तेच विकायला काढलं होतं.

माझे सर्जन तारीख द्यायला तयार नव्हते. हॉस्पिटलच्या फिजिओ मॅडमही नाही. त्या म्हणायच्या ऑपरेशनच्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली पाहिजे, व्यायामानंतर सूज येता कामा नये, एका पायावर उडी नीट जमली पाहिजे, मग पळण्याचं बोलू, आणि उड्या मारायचे, गिरक्या घ्यायचे खेळ नऊ महिन्यांच्या आत अजिबात नाही. मी दर वेळी विचारायचे, म्हणजे डिसेंबर का जानेवारी? त्या म्हणायच्या, तुमचा गुडघा सांगेल. मला राग यायचा. आणि मग ओळखीतल्या एका सायकलवाल्याने एका स्टुडिओचं नाव सांगितलं, 'पोस्ट सर्जरी एन्ड्युरन्स रिहॅब', भिंतीवर सांध्यांचे चार्ट, पांढरे कोट घातलेली दोन पोरं, आणि सगळे ज्याला 'सर' म्हणतात तो, स्वतःला फिजिओ म्हणवणारा माणूस. त्याने पहिल्याच भेटीत तारीख दिली. ९० दिवसांत १० किलोमीटर, आणि आषाढीला नाशिक ते पंढरपूर सायकल वारी. "ताई, लिहून देतो." लिहून काही दिलं नाही अर्थातच.

जो ऑपरेशन झालेल्या माणसाला बघताक्षणी तारीख देतो तो विकायला बसलाय, हे डोक्यात पक्कं बसवा.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. असेसमेंटला मी पूर्ण फाइल नेली होती. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, एमआरआय, सगळं क्रमाने लावून. मी ती टेबलावर ठेवली, त्याने ती हाताने बाजूला सरकवली आणि वर स्वतःचा मोबाईल ठेवला. उघडलीच नाही! ग्राफ्ट कुठला घेतलाय, हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागचा) की गुडघ्याच्या वाटीखालचा, विचारलं नाही. मेनिस्कस नुसता छाटलाय की शिवलाय, विचारलं नाही, आणि हा तर पहिला प्रश्न असायला हवा, कारण शिवलेला असेल तर वजन घेऊन खोल वाकायला कित्येक महिने बंदी असते, माझ्या डिस्चार्ज कार्डवर ते ठळक लिहिलेलं होतं, ९० अंशांच्या पुढे वाकवून स्क्वॉट नाही, उकिडवं बसायचं नाही. मी म्हटलंसुद्धा, "सर, मेनिस्कस रिपेअर आहे." तो म्हणाला, "हॉस्पिटलवाले घाबरवून ठेवतात ताई, इथे आपण बॉडीचं ऐकतो." फाइल माझ्या डोळ्यांसमोर बंद पडलेली आणि मी मान हलवली. तिथेच उठून यायला हवं होतं. पण मला सांगा, महिनोन्‌महिने सगळे 'जपून, जपून' म्हणत असताना कुणीतरी पहिल्यांदा 'तुम्ही करू शकता' म्हणतं तेव्हा माणूस फाइलकडे बघतो का?

आणि एक गोष्ट जी मला आता सर्जननी समजावली, ती प्रत्येक एसीएलवाल्याला माहीत पाहिजे. बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला मजबूत असतो, मग शरीर त्याला आतून नव्याने घडवायला घेतं आणि त्या मधल्या काळात तो उलट कमजोर होतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, जिना चढता येतो, आणि आपल्याला वाटतं झालो बरे. ही माणसं गिऱ्हाईक याच काळात पकडतात. दुखत असताना कुणी यांच्याकडे जात नाही.

लोनचं असं झालं. फी एकदम भरायची नाही, 'हजेरीच्या ॲपवर मंथली लावून देतो' म्हणून रिसेप्शनच्या मुलीने माझा फोन घेतला, आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी, दहा मिनिटांत सगळं. घरी आल्यावर मेसेज, ५४,००० चं लोन मंजूर. ते पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, सरळ स्टुडिओला गेले. मी फोन केला तर म्हणे ताई ते फॉर्मॅलिटी असते, इंटरेस्ट आम्ही भरतो. तुम्ही असं काही केलं असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट (लोनच्या अटी-खर्चाचा कागद) लगेच उघडा, लोन देणारी कंपनी कुठली ते त्यात असतं, कूलिंग-ऑफची (मन बदललं तर लोन सोडायची) मुदतही असते, त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा व्याजखर्च भरला तर लोन दंडाशिवाय बंद होतं. मी ते नंतर वाचलं, मुदत गेल्यावर. आणि आपला फोन दुसऱ्याच्या हातात देऊच नका, कितीही गोड बोलणारी मुलगी असली तरी.

आत काय चालायचं तर सगळ्यांना एकच व्यायाम. पाठीच्या डिस्कचं ऑपरेशन झालेला मुलगा, मी, आणि बायपास झालेले एक काका. बायपास झालेल्या माणसाला हार्टच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय, नाडी-बीपी न बघता जिन्यावर धावायला लावायचा हा माणूस! काका धापा टाकत बसायचे आणि हा टाळ्या वाजवायचा. मला बॉक्सवर उड्या आणि खोल स्क्वॉट. गुडघा सुजला तर म्हणाला सूज म्हणजे ग्राफ्ट जागा धरतोय, आणि 'ग्राफ्ट मजबूत करणारी' कोलॅजनची पावडर माथी मारली, ८,६४० ची. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबरच नव्हता. तो नसेल तर हातही लावू नका. आणि व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी सूज म्हणजे लोड जास्त झालाय, तिचा दुसरा अर्थ कुणी सांगत असेल तर बॅग उचला.

दिवाळीनंतर गुडघा अडकायला लागला, वाकवला की सरळच होईना. एमआरआयमध्ये ग्राफ्ट शाबूत निघाला हे नशीब, पण मेनिस्कसचे टाके काही ठिकाणी उसवले होते. सर्जन ओरडले नाहीत, नुसते फिल्मकडे बघत राहिले, ते जास्त लागलं. पुन्हा ब्रेस, पुन्हा पडल्यापडल्या मांडी आवळायचे व्यायाम, आणि दुसरं ऑपरेशन लागेल का ते अजून नक्की नाही. मी पैसे परत मागायला गेले तर शटरला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला सामान रात्री गेलं. व्हॉट्सॲप ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' केलेला. सरांचा नंबर बंद.

मग सुरू झाली ती खरी वणवण. पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, मिस्टर आलेत का?" का? लोन माझ्या नावावर, गुडघा माझा, पगार माझा, मिस्टर कशाला हवेत? मग म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही स्वतः सही केली, ओटीपी स्वतः दिला, सर्व्हिस घेतली की नाही थोडे दिवस, मग फसवणूक कशी? मी म्हटलं खोटी डिग्री सांगून, लोन आहे हे लपवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेले तर साहेब मीटिंगला. परवा गेले तर म्हणे स्टुडिओ रस्त्याच्या पलीकडे येतो, ती हद्द दुसऱ्या स्टेशनची. तिथे गेले तर म्हणे ऑनलाइन पैसे गेलेत म्हणजे सायबर. सायबरवाले म्हणे कुणी हॅक केलं नाही, परत स्टेशनला जा. ब्रेस लावलेल्या पायाने मी हे जिने चढते-उतरते आहे आणि एकाही खोलीत कुणी 'बसा' म्हणालं नाही! हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर (हद्द न बघता घेतलेली फिर्याद) नोंदवून पुढे पाठवायचा हे आता नवीन कायद्यातसुद्धा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये, स्पष्ट आहे, मी प्रिंट काढून नेली तर हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला, त्यावरही शिक्का मारायला तासभर बसवलं. शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर तुम्ही आलाच नव्हता असं होतं.

लोन कंपनीचं वेगळंच. "मॅम, मर्चंटशी (म्हणजे स्टुडिओशी) बोला." मर्चंट पळालाय! "मॅम, तुमचा ड्यू ५ तारखेचा आहे." एक हप्ता मी रागाने खात्यात पैसे न ठेवता चुकवला तर वसुलीवाल्याचा फोन थेट शाळेच्या ऑफिसात. हेडमास्तरांसमोर मला खुलासा करावा लागला. घरात नानांना, म्हणजे सासऱ्यांना, अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. त्यामुळे हप्ता असा परस्पर बंद करू नका, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) आपलं बिघडतं, त्याचं काही जात नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने लेखी कळवा की सेवा बंद झाली, लोन रद्द करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा थातुरमातुर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. फोनवर बोलून काही उपयोग नाही, फोनचा पुरावा राहत नाही.

फिजिओथेरपिस्ट असल्याचं कुणी सांगितलं तर राज्याच्या कौन्सिलचा नोंदणी नंबर मागा. हा विचारायला लाजू नका, खऱ्या फिजिओला राग येत नाही, आमच्या हॉस्पिटलच्या मॅडमनी विचारताक्षणी दाखवला. या 'सरां'च्या भिंतीवर जी फ्रेम होती ती दोन दिवसांच्या वर्कशॉपला हजर राहिल्याची होती, हे मी काढलेला फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं.

आता मी, डिस्कवाला मुलगा आणि बायपासवाल्या काकांची मुलगी असे मिळून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. लोन कंपनीलाही पार्टी करतोय. ज्यांनी गेल्या वर्षभरात अशा ठिकाणी हप्त्यांवर पॅकेज घेतलंय त्यांनी बँक स्टेटमेंट, की फॅक्ट स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ग्रुप कधीही डिलीट होतो, आमच्यातल्या दोघांचे मेसेज तसेच गेलेत आणि त्यांच्याकडे आता फक्त यूपीआयची पावती उरलीये.