‘धिस’ की ‘दॅट’? कुठे काय वापरायचं

जवळ असेल तर ‘धिस’, लांब असेल तर ‘दॅट’. अनेकवचनी ‘दीज’ आणि ‘दोज’. शाळेतला हा नियम हातातल्या पेनापुरता ठीक आहे. ईमेल लिहिताना किंवा गप्पा मारताना समोर वस्तूच नसते, आणि गाडी अडते ती तिथेच.

समोरच्याच्या बोलण्यावर मत देताना ‘दॅट’ घ्या: ‘दॅट्स अ गुड आयडिया.’ तुम्हीच आता काही सांगणार असाल तर ‘धिस’: ‘लिसन टू धिस.’ जे अजून चालू आहे ते ‘धिस’, जे संपलं ते ‘दॅट’. घास तोंडात असताना ‘धिस इज डिलिशस’, ताट रिकामं झाल्यावर ‘दॅट वॉज डिलिशस’.

ईमेलमध्ये मागच्या वाक्याचा संदर्भ द्यायला दोन्ही चालतात. माझा कौल ‘धिस’ला, पण एकट्याला नाही, पुढे नाम जोडून. ‘धिस विल कॉज अ डिले’ वाचून नेमकं कशामुळे उशीर होणार ते शोधावं लागतं. ‘धिस चेंज विल कॉज अ डिले’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

फोनवर स्वतःची ओळख ‘धिस इज सुनीता’ अशीच द्यायची. पलीकडे कोण आहे हे विचारताना ब्रिटिश माणूस ‘इज दॅट सुनीता?’ म्हणतो, अमेरिकन ‘इज धिस सुनीता?’. दोन्ही बरोबर.

मराठी माणसाने खरं जपावं ते वचन. आपण आदराने ‘हे माझे बाबा’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘धिस इज माय फादर’च, आदरासाठी ‘दीज’ होत नाही. उलट आपली एक कात्री, एक चष्मा तिकडे अनेकवचनी: ‘दीज सिझर्स’, ‘दीज ग्लासेस’.

‘ते’ म्हटलं की लगेच ‘दॅट’ही नको. ‘पुस्तक कुठंय?’ ‘ते टेबलावर आहे’ इथे ‘इट’ लागतं. तुलनेत मात्र ‘दॅट’ चालतं: ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन दॅट ऑफ पुणे.’ इथे ‘धिस’ बसतच नाही.

आणि उच्चार. ‘धिस’मधली इ ऱ्हस्व, शेवटी ‘स’. ‘दीज’मधली ई दीर्घ, शेवटी ‘जमीन’मधला ज, ‘जीवन’मधला नव्हे.