जिओजिब्रा, शैक्षणिक वर्षभर वापरल्यावर: १८०.०१ अंशांचं काय करायचं?

जिओजिब्रा हा संगणकावर भूमितीच्या आकृत्या काढण्याचा प्रोग्रॅम. नववीच्या वर्गात प्रोजेक्टरवर त्यात त्रिकोण काढा, तिन्ही कोन मोजा आणि मुलांना बेरीज करायला सांगा. कधी १८० येते, कधी १८०.०१, तर कधी १७९.९९. वर्षभरात जिओजिब्राबद्दल सर्वांत जास्त चिडचिड याच गोष्टीने झाली, म्हणून आधी तिच्याबद्दल.

प्रोग्रॅम आतमध्ये कोन पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत ठेवतो, दाखवतो मात्र दोनच. खरे कोन ५०.००४, ६०.००४ आणि ६९.९९२ असले, तर पडद्यावर ५०, ६० आणि ६९.९९ दिसतात. बेरीज १७९.९९. पर्यायांत जाऊन दशांश स्थळं शून्य केली की आणखी बिघडतं: ५०.४, ६०.४, ६९.२ चे ५०, ६०, ६९ होतात आणि अख्खा एक अंश गायब. स्थळं वाढवली तर फरक लहान होतो, जात नाही. उपाय एकच. इनपुट पट्टीत तिन्ही कोनांची नावं, अल्फा अधिक बीटा अधिक गॅमा, टाइप करा (ऑल्ट दाबून ए, बी, जी). मग बेरीज पूर्ण किमतींची होते आणि उत्तर १८० येतं. त्यानंतर शिरोबिंदू कुठेही ओढा, १८० हलत नाही.

सुरुवातीला ही बेरीज आधीच करून ठेवावी आणि सुटे कोन लपवावेत, असं मत होतं. आता ते बदललं आहे. १८०.०१ मुलांना दिसू द्यावं. ‘मोजून सिद्ध झालं’ म्हणणाऱ्या वर्गाला मापन आणि सिद्धता यांतला फरक इतक्या थेटपणे दुसरं काही दाखवत नाही. समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांवरून केलेली सिद्धता त्यानंतर फळ्यावरच घ्यायची, आणि तेव्हा प्रोजेक्टर बंद ठेवायचा.

दुसरी अडचण कोनाच्या साधनाची. शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेऊन त्रिकोण काढला आणि आत क्लिक केलं की ६० ऐवजी ३०० अंशांचा प्रविशाल कोन येतो. शिरोबिंदू उलट दिशेने घ्या, किंवा कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० ही मर्यादा निवडा.

खरी ताकद ओढण्यात आहे. नजरेने ‘समभुज’ काढलेला त्रिकोण शिरोबिंदू ओढताच विस्कटतो. दोन वर्तुळांच्या छेदनबिंदूवरून रचलेला मात्र समभुजच राहतो. वहीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे रचना न समजलेला विद्यार्थी तिथे सापडत नाही. इथे लगेच सापडतो. म्हणून माउस विद्यार्थ्याच्याच हातात हवा. शिक्षकाने ओढून दाखवलं तर त्याचा व्हिडिओ होतो.

खर्चाचं म्हणाल तर २००१ पासून, मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केल्यापासून, शाळेतल्या वापराला पैसे लागत नाहीत. लॅबमधले संगणक जुने असतील तर जिओजिब्राची क्लासिक ५ ही आवृत्ती टाका, ती इंटरनेटशिवाय चालते. अक्षराचा आकार २८ करा आणि रेषा जाड करा, नाहीतर शेवटच्या बाकावर काही दिसत नाही. वर्गणी मागणारे तयार संच घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: आकृतीचा शिरोबिंदू मुलाला ओढता येतो का? नसेल येत, तर ते पैसे वाचवा.