कुरणाला युरिया, सुपर फॉस्फेट की शेणखत? पाचोळ्याच्या बाजूने एक तुलना

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, सिन्नर-येवल्याकडे, वैरणीसाठी राखलेल्या कुरणाला खत टाकायचं का, हा विषय निघाला की हिशेब हिरव्या चाऱ्याचाच होतो. कापणीनंतर उरलेली धसकटं, आडवं पडलेलं मारवेल गवत, कुसळी गवताच्या काड्या या पाचोळ्याचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. जमिनीचं पुढच्या वर्षीचं अन्न मात्र बरंचसं त्यातूनच यायचं असतं.

युरियापासून सुरुवात करू, कारण हाताशी तोच असतो. वाळल्या गवतात नत्राच्या (नायट्रोजन) पन्नास-साठपट कर्ब (कार्बन) सहज असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५-३० पटीच्या आसपासचं खाद्य मानवतं, म्हणून कमी पडणारं नत्र ते मातीतून ओढतात. युरिया पडला की ही ओढाताण मिटते आणि पाचोळा सुरुवातीला भराभर कुजतो. खरी गोम पुढे आहे. मऊ भाग संपून काडीतलं चिवट लिग्निन उरलं की ते फोडायला ठरावीक बुरशीच लागते आणि नत्र मुबलक असलं की ही बुरशी त्यासाठीची विकरं (एन्झाइम) कमी बनवते. उरलेला भाग मग रेंगाळतो. ‘न्यूट्रिएंट नेटवर्क’ या अनेक देशांत चाललेल्या प्रयोगमालेत गवताळ जमिनींना दर चौरस मीटरला वर्षाला १० ग्रॅम नत्र दिलं, तेव्हा हेच दिसलं: आधी वेग, नंतर संथपणा. आपल्या मापात हे एकरी ४० किलो नत्र झालं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या.

रेंगाळलेला भाग वाया जात नाही. मुरमाड माळावर तेवढा सेंद्रिय कर्ब टिकला तर मला आनंदच आहे. पण पाचोळा लवकर मातीत मिसळावा म्हणून कुणी युरिया टाकत असेल, तर अर्धंच काम होईल. शिवाय चुनखडीच्या काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं. वाफसा बघून, पावसाच्या तोंडावरच द्यावा.

इगतपुरी-सुरगाण्याकडची गोष्ट वेगळी. तिथे धो धो पावसात नत्र वाहून जातं आणि लाल माती मुळातच आम्लधर्मी. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. तिथल्या ज्या वाफ्यांना चुना न देता वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे नत्रखत दिलं, त्यांची माती इतकी आंबली की गांडुळं नाहीशी झाली आणि न कुजलेल्या गवताचा जाड थर साचला. घाटमाथ्यावर नत्रखत वर्षानुवर्षं द्यायचं ठरवलं, तर माती तपासून चुन्याचाही हिशेब धरावा.

सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद (फॉस्फरस), वर गंधक. पाचोळ्यावर त्याचा थेट परिणाम युरियाइतका ठळक नसतो. फायदा आडवळणाने होतो: स्फुरद मिळालं की स्टायलोसारखी द्विदल वैरण गवतात टिकते, तिच्या पानांत नत्र जास्त असतं आणि सगळा पाचोळाच लवकर कुजणारा होतो.

शेणखतातून टनामागे साधारण ५ किलोच नत्र मिळतं, तेही हळूहळू. म्हणून तो सुरुवातीचा झपाटा दिसत नाही; पण ओल धरली जाते, आणि पूर्व भागात पाऊस उघडला की कुजणं अडतं ते ओल नसल्यानेच. खत पूर्ण कुजलेलंच घ्यावं, नाहीतर गाजरगवताचं बी कुरणात येतं.

माझा कौल: येवला, सिन्नर, नांदगावकडे थोडं शेणखत, सुपर फॉस्फेट आणि स्टायलो. युरिया चाऱ्याची नड असेल तरच, एकरी अर्ध्या गोणीपर्यंत. येवल्याकडच्या ममदापूरसारख्या काळविटांच्या माळरानाला मात्र काहीच नको. खताने मोजकी जोरकस गवतं माजतात आणि बाकीच्या जाती मागे पडतात.

आपल्या रानात काय होतं ते बघणं अवघड नाही. दहा-दहा ग्रॅम वाळलं गवत मच्छरदाणीच्या कापडाच्या आणि कांद्याच्या जाळीदार गोणीच्या वेगवेगळ्या लहान पिशव्यांत भरा; बारीक जाळीत मोठे किडे सहसा शिरत नाहीत, मोठ्या जाळीत शिरतात. खत दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही तुकड्यांत, जूनमध्ये, जमिनीला टेकवून खुंटीने पक्क्या करा. दिवाळीला हळूच उचलून, माती झटकून, वाळवून वजन करा. कांद्याच्या जाळीतलं गवत बरंच जास्त घटलं असेल, तर तुमच्याकडे पाचोळ्याचं मोठं काम वाळवी आणि गांडुळं करतात. अशा ठिकाणी आधी त्यांना जपा, खताचं नंतर बघू.